शोधनिबंध कसा लिहावा: तक्त्यापासून शीर्षकापर्यंत

माझ्या पहिल्या शोधनिबंधाची प्रस्तावना सात पानांची होती. विषयाचा इतिहास, त्याचं महत्त्व, जगभरात काय काय चाललंय, सगळं त्यात कोंबलं होतं. चर्चा मात्र दीड पानात उरकली होती, कारण तिथवर येईपर्यंत मी दमलो होतो आणि मुदतही संपत आली होती. गाइडनी ती सात पानं न वाचताच उलटली, तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "यातून काय निघालं ते एका वाक्यात सांग." मला सांगता आलं नाही. तरी तो निबंध मी पाठवला, आणि दोन ओळींच्या पत्रासह तो परत आला.

तेव्हापासून मी उलटा लिहितो. वाचणारा आधी शीर्षक बघतो, मग सारांश, मग प्रस्तावना. लिहिणाऱ्याने मात्र तक्त्यांपासून सुरुवात करावी, मग पद्धत, निकाल, चर्चा, त्यानंतर प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी सारांश व शीर्षक. लिखाणाआधीची तयारी सांगून झाली की हा लेखही त्याच क्रमाने जाईल. प्रस्तावना, पद्धत, निकाल आणि चर्चा हा चार खणांचा साचा 'इम्रॅड' नावाने ओळखला जातो. विज्ञानात आणि बऱ्याचशा सामाजिक शास्त्रांत तो चालतो. साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञानात खणांऐवजी युक्तिवादाचा धागा असतो, पण प्रश्न आणि पुरावा यांची शिस्त तिथेही तीच.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. त्यातले सगळे आकडे मी मनाने घेतलेले आहेत.

विषय आणि प्रश्न यांत गल्लत नको

"वाचनाच्या सवयी" हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर लिहिता येईल आणि एकही निबंध पुरा होणार नाही. "ग्रंथालयात डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक तळाच्या फळीवरच्या पुस्तकापेक्षा जास्त वेळा घरी नेलं जातं का?" हा प्रश्न झाला. कोणता डेटा लागेल, तो कुठे मिळेल आणि किती दिवस लागतील, याचा अंदाज तो वाचतानाच येतो.

प्रश्न ठरला की स्वतःला विचारा: उत्तर "नाही" आलं तर निबंध लिहिण्यात अर्थ उरेल का? "हो" आलं तरच मजा असेल, तर प्रश्न पुन्हा घासून घ्या. नाहीतर पुढे "हो" यावं म्हणून नकळत डेटा ओढूनताणून बसवला जातो.

प्रश्न भव्य असावा लागत नाही. टांझानियात एरास्तो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाला दिसलं की आइस्क्रीमचं गरम मिश्रण थंड मिश्रणाच्या आधी गोठलं. त्याने कारण विचारलं तेव्हा लोक हसले. डेनिस ऑस्बोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही, आणि १९६९ साली दोघांच्या नावाने त्यावर निबंध छापून आला. त्या निरीक्षणाबद्दल शास्त्रज्ञ अजूनही वाद घालतात.

आता आपल्या ग्रंथालयाकडे वळू. इथे एक खाच आहे. ग्रंथपाल लोकप्रिय पुस्तकं मुळातच हाताशी ठेवतात. मग डोळ्यांसमोरची पुस्तकं जास्त जातात ती उंचीमुळे की मुळातच आवडती असल्यामुळे? नुसत्या नोंदी मोजून हे कधीच कळणार नाही. पुस्तकं चिठ्ठ्या टाकून वाटावी लागतील आणि काही काळाने त्यांच्या जागा बदलाव्या लागतील. अशी खाच डेटा गोळा करण्याआधी लक्षात आली तर सुटता येतं. नंतर लक्षात आली तर ती फक्त "मर्यादा" या मथळ्याखाली कबूल करता येते.

वाचताना तक्ता भरत जा

शोध गूगल स्कॉलरवर सुरू करायला हरकत नाही. वैद्यकीय विषय असेल तर पबमेड. एक चांगला, नेमका निबंध सापडला की त्याला धरून दोन्ही दिशांना जा: त्याच्या संदर्भसूचीतून मागे, आणि त्याचा उल्लेख कुणी कुणी केलाय ते बघत पुढे. नवनवे शब्द टाकून अंधारात चाचपडण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

प्रत्येक निबंध पहिल्या शब्दापासून वाचू नका. शीर्षक, सारांश आणि तक्ते बघा. कामाचा वाटला तर पद्धत वाचा, आणि उरलेला भाग त्यानंतर. वाचलेल्या प्रत्येक निबंधाची एका तक्त्यात एक ओळ भरा: कुणी, कधी, प्रश्न काय, नमुना आणि पद्धत, सापडलं काय, आणि माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने काय राहून गेलं. हा शेवटचा रकाना सगळे टाळतात, कारण तो भरायला विचार करावा लागतो. पण पूर्वसंशोधनाचा आढावा त्यातूनच उभा राहतो. तो नसेल तर आढावा म्हणजे "अमुक यांनी असं म्हटलं, तमुक यांनी तसं म्हटलं" अशी जंत्री होते, आणि वाचणाऱ्याला पानं उलटावीशी वाटतात.

दुसऱ्याचं वाक्य टिपून घेतलं तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक टाका. चार महिन्यांनी स्वतःचं वाक्य कोणतं आणि उचललेलं कोणतं हे खरोखर ओळखू येत नाही. वाङ्मयचौर्याची बरीच प्रकरणं चोरीच्या इराद्याने घडत नाहीत, ती अशा गलथान वह्यांतून सुरू होतात. अर्थात त्यामुळे गुन्हा कमी होत नाही.

डेटा हाती येण्याआधी लिहून ठेवा

काय मोजणार, किती मोजणार, कशाशी तुलना करणार आणि कोणती संख्याशास्त्रीय चाचणी लावणार, हे आधीच तारखेसह लिहून ठेवा. शक्य असेल तर ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या, संशोधनाचे आराखडे नोंदवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी करा. निकाल बघून मागाहून गृहीतक रचायचं आणि ते आधीपासून मनात होतं असं भासवायचं, या प्रकाराला नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली 'हार्किंग' असं नाव दिलं. यात माणूस स्वतःलाच फसवतो, म्हणून तो लबाड असायची गरज नसते. माणसांवरचा अभ्यास असेल तर नैतिकता समितीची परवानगी आणि सहभागींची संमतीही याच टप्प्यावर घ्यायची. काम झाल्यावर ती मागता येत नाही.

आधी तक्ता, मग एक वाक्य

समजा आपण ४०० पुस्तकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. प्रत्येक गट तीन महिने डोळ्यांच्या उंचीवर आणि तीन महिने तळाशी राहिला. मोजदाद अशी आली:

कादंबऱ्या (२५०): डोळ्यांच्या फळीवर असताना ३७१ वेळा बाहेर गेल्या, तळाशी असताना २५२ वेळा.
अभ्यासविषयक पुस्तकं (१५०): डोळ्यांच्या फळीवर १४१ वेळा, तळाशी १३६ वेळा.
एकूण (४००): ५१२ आणि ३८८.

एकूण आकडा म्हणतो, सुमारे ३२ टक्के वाढ. पण वरच्या दोन ओळी पाहा. कादंबऱ्यांत वाढ ४७ टक्के आहे, अभ्यासाच्या पुस्तकांत जेमतेम ४ टक्के. अभ्यासाचं पुस्तक हवं असलेला माणूस नाव लिहिलेली चिठ्ठी घेऊन येतो आणि ते कुठेही असलं तरी वाकून काढतो. कादंबरीसाठी आलेला बहुधा नजर फिरवत असतो. तेव्हा "उंचीमुळे पुस्तकं जास्त जातात" यापेक्षा "काय न्यायचं हे न ठरवता आलेल्या वाचकावर उंचीचा परिणाम होत असावा" हे वाक्य जास्त रंजक आहे.

मात्र पुस्तकांची अशी विभागणी करायचं आपण आधी लिहून ठेवलं होतं का? ठेवलं असेल तर हा निकाल म्हणून मांडा. नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि पुढच्या अभ्यासासाठीचा अंदाज म्हणून चर्चेत ठेवा. आधी लिहून ठेवण्याचा आग्रह मी धरला तो या क्षणासाठी.

तक्ता समोर ठेवून एक वाक्य लिहा आणि ते कागदावर मोठ्या अक्षरात टेबलासमोर चिकटवा. यापुढे निबंधात येणारा प्रत्येक परिच्छेद त्या वाक्याच्या कामाचा आहे का, एवढंच तपासायचं. नसेल तर कितीही कष्टाने लिहिलेला असला तरी तो काढायचा. लांबीची भीती बाळगू नका. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ सालचा निबंध 'नेचर'मध्ये एका पानाहून थोडाच मोठा होता.

पद्धत: अनोळखी माणसाला जमलं पाहिजे

हा भाग सगळ्यात सोपा, म्हणून तक्ते झाले की लिखाणाची सुरुवात इथून करावी. जे केलं ते भूतकाळात, घडलं त्या क्रमाने सांगायचं. कसोटी एकच: तुम्हाला न भेटलेला माणूस हे वाचून तोच प्रयोग पुन्हा करू शकेल का?

"पुस्तकं वरच्या आणि खालच्या फळीवर ठेवली." हे वाक्य या कसोटीला उतरत नाही. वरची म्हणजे किती वर? मुलांच्या डोळ्यांची उंची निराळी. जागा कुणी बदलल्या? वाचकांना याची कल्पना होती का? परत आलेलं पुस्तक चुकून दुसऱ्या फळीवर गेलं तर काय केलं? आता हे बघा: "जमिनीपासून १३० ते १६० सेंटिमीटर उंचीची फळी 'डोळ्यांची फळी' मानली आणि ४० सेंटिमीटरखालची 'तळाची'. पुस्तकं योग्य फळीवर आहेत की नाही हे रोज ग्रंथालय बंद झाल्यावर तपासलं. घरी न देता तिथेच वाचायची पुस्तकं अभ्यासातून वगळली." रुक्ष आहे, पण यातल्या प्रत्येक शब्दाला काम आहे.

काय वगळलं आणि का वगळलं, हे सांगणं विशेष महत्त्वाचं. १९९८ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापलेला, १२ मुलांची निरीक्षणं मांडून गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा निबंध नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. मुलं कशी निवडली गेली आणि नैतिकता समितीची मान्यता होती की नाही, याविषयी त्यात जे लिहिलं होतं तेच खोटं ठरलं होतं. म्हणजे पद्धतीच्या भागातली वाक्यं. दरम्यानच्या १२ वर्षांत लसींविषयीची भीती जगभर पसरून गेली होती.

चाचणीचं नाव सांगताना ती का निवडली तेही लिहा. आपल्या उदाहरणात प्रत्येक पुस्तक दोन्ही फळ्यांवर मोजलं गेलं, म्हणून जोडीने तुलना करणारी चाचणी हवी. दोन वेगळ्या गटांसाठीची लावली तर रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी निबंध तपासणारा तज्ज्ञ, तिथेच थांबेल.

निकालात मत नको

"तक्ता १ मध्ये आकडे दाखवले आहेत" असं लिहून मोकळं होऊ नका. तक्त्यात काय दिसतं ते वाक्यात सांगा: "डोळ्यांच्या फळीवर असताना ४०० पुस्तकं मिळून ५१२ वेळा बाहेर गेली, तळाशी असताना ३८८ वेळा (तक्ता १)." कारण, अंदाज, आश्चर्य हे सगळं चर्चेसाठी राखून ठेवा. तक्त्यातला प्रत्येक आकडा मजकुरात पुन्हा लिहायचीही गरज नाही.

पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निदान इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आलं म्हणून हुरळून जाऊ नये. ती मर्यादा संकेताने रूढ झालेली आहे. फरक किती मोठा आहे आणि त्याचा विश्वास अंतराल (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे तो पट्टा) किती रुंद आहे, हे सोबत द्या. फरक आढळला नाही तर तेही त्याच स्वरात सांगा.

चर्चा: इथेच निबंध तरतो किंवा बुडतो

पहिल्या परिच्छेदात प्रश्नाचं उत्तर. थेट. मग ते आधीच्या संशोधनाशी कुठे जुळतं आणि कुठे नाही. न जुळणारा भाग लपवू नका, बहुतेकदा तोच नवा असतो. त्यानंतर आपल्या निकालाचं दुसरं स्पष्टीकरण काय असू शकेल याचा विचार स्वतःच करा. आपल्या उदाहरणात, तीन महिन्यांनी सगळ्या पुस्तकांच्या जागा बदलल्यावर नेहमीच्या वाचकांना फळी नवी वाटली आणि म्हणून त्यांनी पुस्तकं उचलली, असं असू शकेल का? पहिल्या आणि दुसऱ्या तिमाहीचे आकडे वेगवेगळे पाहिले तर याचा अंदाज येतो. रिव्ह्यूअरच्या डोक्यात येणारी शंका तुम्हीच आधी उपस्थित केलीत आणि तपासलीत, की त्याचा निम्मा विरोध मावळतो.

मर्यादा लिहिताना "नमुना लहान होता, वेळ कमी होता" हे ठरीव वाक्य टाळा. कोणती मर्यादा निकालाला कोणत्या बाजूला झुकवते ते सांगा. "हे एकच ग्रंथालय होतं आणि तिथे बहुतेक वाचक प्रौढ होते. जिथे लहान मुलं जास्त येतात तिथे तळाची फळी कदाचित फायद्याची ठरेल." ही खरी मर्यादा झाली.

आणि क्रियापदांवर लक्ष ठेवा. "सिद्ध झालं" हा शब्द मी निबंधातून शोधून शोधून काढतो. "दिसलं", "सूचित होतं", "याच्याशी सुसंगत आहे" यांत प्रामाणिकपणा जास्त आहे. पण दर वाक्यात "कदाचित" आणि "असू शकेल" घातलं तर काहीच म्हटल्यासारखं राहत नाही. जिथे चिठ्ठ्या टाकून वाटप केलं आहे तिथे कारण-परिणामाची भाषा वापरायला घाबरू नका.

आता प्रस्तावना, मग सारांश आणि शीर्षक

चर्चा लिहून झाल्यावर प्रस्तावना फार सोपी होते, कारण कुठे पोहोचायचं ते माहीत असतं. आतापर्यंत काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि त्यातलं काय इथे तपासलं आहे, एवढं पुरे. "प्राचीन काळापासून मानव…" असं सुरू होणारं पहिलं वाक्य निःसंकोच खोडा. दुसरं वाक्यही बहुधा खोडावं लागतं.

सारांश हा बऱ्याच वाचकांनी वाचलेला एकमेव भाग असतो. तो निबंधाशिवाय स्वतंत्र उभा राहायला हवा, आणि त्यात आकडे हवेत:

"पुस्तक कोणत्या उंचीवर ठेवलं आहे याचा ते घरी नेलं जाण्यावर परिणाम होतो का, हे तपासलं. ४०० पुस्तकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. प्रत्येक गट तीन महिने डोळ्यांच्या उंचीवर आणि तीन महिने तळाच्या फळीवर ठेवला. डोळ्यांच्या उंचीवर असताना पुस्तकं ५१२ वेळा, तळाशी असताना ३८८ वेळा बाहेर गेली. फरक मुख्यतः कादंबऱ्यांत दिसला. हे आकडे एकाच ग्रंथालयातले आहेत."

"या निबंधात अमुक विषयाची चर्चा केली आहे" असा सारांश म्हणजे जेवणाऐवजी मेनूकार्ड वाढणं. शीर्षकात काय मोजलं आणि कशावर, हे असावं. "एक अभ्यास" हे शेपूट काढून टाकलं तरी काही अडत नाही. कीवर्ड निवडताना शीर्षकातलेच शब्द परत देण्यापेक्षा, शोधणारा माणूस दुसरे कोणते शब्द टाकेल ते द्या.

संदर्भ, आणि लेखक कोण

पहिल्या दिवसापासून झोटेरो किंवा मेंडेलीसारखं, संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. एपीए, व्हँकूवर, शिकागो यांतली संदर्भ लिहिण्याची कुठली पद्धत हवी ते जर्नल सांगतं, आणि सॉफ्टवेअर एका क्लिकवर बदलून देतं. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिलेला हवा. एआयकडून मिळालेल्या यादीत तर दर संदर्भाचा डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून बघाच. ही साधनं अस्तित्वातच नसलेल्या निबंधांची नावं इतकी हुबेहूब तयार करतात की अनुभवी माणूसही फसतो. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर बहुतेक जर्नलं ते जाहीर करायला सांगतात. लेखक म्हणून त्याचं नाव चालत नाही, कारण ते कशाचीही जबाबदारी घेऊ शकत नाही.

माणसांपैकी कुणाचं नाव घालायचं, यासाठी वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. चारही हव्यात. खोली दिली किंवा पैसे आणले म्हणून आभारात नाव येतं, लेखकांत येत नाही. नावांचा क्रम काम सुरू होतानाच बोलून घ्या. शेवटी बोलायला गेलं की मैत्री तुटते.

जाता जाता एक गंमत. जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ साली एकट्याने लिहिलेल्या निबंधात सगळीकडे "आम्ही" वापरलं होतं. एकट्या लेखकाचं "आम्ही" जर्नल स्वीकारणार नाही असं सहकाऱ्याने लक्षात आणून दिलं. सगळं पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून त्याने आपल्या मांजराला 'एफ. डी. सी. विलार्ड' या नावाने सहलेखक केलं, आणि निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापून आला. वरच्या अटींत ते मांजर अर्थातच बसलं नसतं.

पाठवणं आणि रिव्ह्यूअरला उत्तर देणं

जर्नल निवडताना त्याचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्या संदर्भसूचीत त्या जर्नलमधला एकही निबंध नसेल तर बहुधा जागा चुकली आहे. "आठवड्यात छापून देऊ, फक्त फी भरा" असा मेल आला तर पुढे वाचू नका. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, हा नियम न मोडण्यासाठीच आहे.

उत्तर आलं आणि त्यात "मोठ्या सुधारणा" मागितल्या असतील तर ती चांगली बातमी आहे. दोन दिवस पत्र बाजूला ठेवा, कारण पहिल्या वाचनात सगळे रिव्ह्यूअर मूर्ख वाटतात. मग तक्ता करा: डावीकडे त्यांचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे तुमचं उत्तर आणि बदल केलेल्या ओळीचा क्रमांक. समजा रिव्ह्यूअर म्हणतो, "उंचीचा निकष स्पष्ट नाही." "तो पान ३ वर दिला आहे" असं उत्तर देऊ नका. त्याला तो सापडला नाही म्हणजे इतरांनाही सापडणार नाही. "सूचनेबद्दल आभार. निकष आता पद्धतीच्या पहिल्या परिच्छेदात आणला आहे (ओळ ८८ ते ९१)" असं लिहा. पटलं नाही तर नकार देता येतो, पण कारणासह आणि चढ्या आवाजाशिवाय.

स्वीकृतीनंतर प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, येतं आणि दोन-तीन दिवसांत परत मागतात. तेव्हा मजकूर वाचून भागत नाही. तक्ते मूळ फाइलशी आकडा न् आकडा ताडून बघा. शक्यतो एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने खूण करावी. एका निबंधाच्या वेळी मी एकट्यानेच ते संध्याकाळी उरकलं, आणि ४.१ टक्क्यांतलं दशांशचिन्ह गळून ४१ छापलं गेलं. त्या निबंधाला शुद्धिपत्र जोडलेलं आहे. निबंध शोधला की आधी तेच वर येतं.